किळसेचं वळण

हेमांगी रणदिवेला आपल्या नवऱ्याची किळस आली ती एका मंगळवारी सकाळी, पोहे खाताना. निवास समोर बसून चहा पीत होता. बशीत ओतून, भुरके मारत, लग्नाआधीपासून प्यायचा तसाच. एका भुरक्याला तिच्या पोटातून काहीतरी वर सरकलं आणि घशाशी येऊन थांबलं. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. या माणसाच्या ओल्या मिशीकडे आणखी एकदा पाहिलं तर आपण इथंच, ताटलीत ओकणार, असं तिला वाटलं.

ती उठून बेसिनपाशी गेली आणि नळ मोठा सोडून वाकून उभी राहिली.

"काय गं, काय झालं?" निवासनं बसल्या जागेवरून विचारलं.

"काही नाही. ठसका लागला."

"पाठीवर थापटू काय?"

"नको!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की त्याच्या बशीतला चहा हिंदकळला.

आता या घरात किळस ही चीज मुळी नव्हतीच. निवास गुरांचा डॉक्टर. कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत अडलेल्या म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा, रेडकू ओढून काढायचं आणि घरी आल्यावर आंघोळीच्याही आधी, दारातच उभं राहून ते सगळं बायकोला साग्रसंगीत सांगायचं, ही त्याची जुनी खोड. हेमांगी ते जेवता जेवता ऐकायची. मध्येच "रेडकामागची वार पडली का रे नीट?" असं विचारायची आणि भाकरीचा तुकडा मोडायची. अशा बाईला चहाच्या भुरक्याची शिसारी यावी, हे तिचं तिलाच पटेना.

कारण तिच्या कानांमागे होतं. केसांत लपलेली, करंगळीच्या नखाएवढी दोन बटणं. कंपनीनं त्या यंत्राचं नाव ठेवलं होतं 'वळण'. आपल्याकडे ज्याला त्याला वळण लावायची हौस दांडगी, तेव्हा हे नाव ज्याला सुचलं त्याला माणसं बरोबर कळली होती म्हणायची. बाजारात येऊन यंत्राला फार दिवस झाले नव्हते, तरी ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं.

हेमांगीला एडीएचडी आहे, हे तिला पस्तिशीत कळलं. तोवर तिच्यासाठी घरात वेगळे शब्द होते. वेंधळी, धांदरट, आणि माहेरचा खास म्हणजे गळकी घागर. लोकांना वाटतं, यांच्याकडे अवधान कमी असतं. तसं नसतं. अवधान वाजवीपेक्षा जास्तच असतं, फक्त ते धन्याचं ऐकत नाही. जे नवं, जे रंजक, जे आत्ता समोर हललं, तिकडं ते धावतं. आणि जे करायलाच हवं पण कंटाळवाणं आहे, त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. इतरांचा मेंदू 'हे महत्त्वाचं आहे' एवढ्यावर कामाला लागतो. हेमांगीच्या मेंदूला ते वाक्य ऐकूच यायचं नाही. गोळ्यांनी पुष्कळांना चांगला फरक पडतो. तिलाही पडला होता, पण रक्तदाब असा चढायला लागला की डॉक्टरांनीच त्या थांबवल्या.

काम तिला झकास मिळालं होतं. यंत्रांच्या आवाजांचा सुळसुळाट झाल्यापासून खऱ्या माणसानं वाचलेलं पुस्तक ऐकणं ही चैन झाली होती, आणि अशी ध्वनिपुस्तकं साफ करून द्यायचं काम हेमांगी घरी बसून करायची. वाचणाऱ्याचे अडखळे काढायचे, गिळलेला आवंढा काढायचा, श्वास राखायचा पण धाप काढायची. कान लागला की तिला जगाचं भान नसे. आणि भान नसे तेव्हा गॅसवर दूध असे.

म्हणून घरातलं तिचं वळण म्हणजे निवास. तो दारात यायचा, तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. "हेमा, गॅस." "हेमा, अकराला तुझी बैठक हाय ना?" गोठ्यात असला तर एक हात म्हशीत आणि दुसऱ्यात फोन. बरं चाललं होतं दोघांचं. निदान हेमांगीला तसं वाटत होतं.

मग उत्तरेतल्या एका संस्थेतून निवासला मोठ्या शस्त्रक्रियांच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. हे दुसऱ्यांदा आलं आणि त्यानं दुसऱ्यांदा नाही कळवलं. भावाशी फोनवर बोलताना तो म्हणाला, "मी गेलो तर ही घर पेटवून ठेवील की रे." हसतच म्हणाला. पण हेमांगी दाराआड होती आणि त्या हसण्याखालचा थकवा तिला स्वच्छ ऐकू आला. आवाजातून श्वास वेगळा काढायचं तर तिचं कामच होतं.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं 'वळण'च्या पुण्यातल्या केंद्रात नाव नोंदवलं. निवासला मोकळं करायचं म्हणून. सगळं झालं ते या प्रेमापोटी.

केंद्रातल्या डॉक्टर तेजल ओसवाल फार गोड बोलायच्या. इतक्या गोड की ऐकणाऱ्याला पाणी प्यावंसं वाटावं.

"लक्ष कामाकडे ओढायचे सगळे प्रयत्न जगानं करून पाहिलेत, हेमांगीताई. आम्ही उलटा विचार केला. ओढायचंच नाही. बाकीच्या गोष्टींपासून ढकलायचं."

"कशानं ढकलायचं?"

"किळसेनं," डॉक्टर ओसवाल हसून म्हणाल्या, जणू पेढा पुढे केला.

मग त्यांनी समजावलं. मेंदूच्या एका घडीत आत दडलेला इन्सुला नावाचा भाग असतो. नासकं अन्न तोंडाशी आलं की तो माणसाला मागं खेचतो. बाकी भावना वाद घालतात. भीतीला समजावता येतं, रागाला थोपवता येतं. किळस वाद घालत नाही. ती विचाराच्या आधी पोचते, म्हणून तर विषारी बुरशीच्या जगात माणूस टिकला. 'वळण' काय करतं, तर सकाळी तुम्ही आजचं काम मोठ्यानं सांगायचं, आणि काम बदललं की नवं सांगायचं. त्या कामात मेंदू असताना त्याच्या लहरींची एक ठेवण असते, ती यंत्र ओळखून ठेवतं. लक्ष तिथून सुटलं रे सुटलं की कानामागची बटणं अतिसूक्ष्म ध्वनिलहरी त्या इन्सुलावर सोडतात. किळसेचा नुसता एक शिडकावा. इतका बारीक की किळस आली असं कळतही नाही. फक्त 'नको आत्ता' असं वाटतं आणि माणूस आपल्या पायांनी कामाकडे परत येतो.

मात्रा प्रत्येकाची वेगळी, म्हणून आधी मापन. डॉक्टरांनी तिच्या नाकाशी कागदाच्या पट्ट्या धरल्या, जिभेवर थेंब टाकले. खवट तेल. आंबलेलं दूध. ओल्या फडक्याचा वास. नासक्या अंड्याचा अर्क.

"कसं वाटतंय?"

"ठीक आहे."

"आणि हे?"

"चालेल."

"हे?"

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बरंय की," ती म्हणाली.

"तुमची सहनशक्ती जबरदस्त आहे हो," डॉक्टर ओसवाल म्हणाल्या आणि पडद्यावर काहीतरी वर सरकवलं. हेमांगीला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

यंत्र लागू पडलं यात वाद नाही. दूध उतू जाईना, बैठक चुकेना, अर्धवट पडलेली पुस्तकं एकेक करून पुरी झाली. दुधाची वेळ झाली की ती "दूध" म्हणायची आणि दूध तापेस्तोवर पातेल्याकडे बघत उभी राहायची, कारण दुसरीकडे कुठं बघवायचंच नाही. सासरमाहेर एका सुरात कौतुकाला लागलं. आई फोनवर म्हणाली, "अखेर माणसात आलीस गं बाई!" म्हणजे इतकी वर्षं ही कशात होती, हे काही तिनं सांगितलं नाही. जाऊबाईंनी तर चारचौघांत हेमांगीच्या कानामागचे केस बाजूला करून बटणं दाखवली, बैलाचे दात दाखवावेत तशी, आणि बायका "अगंबाई, किती शहाणी झाली" म्हणून तिच्या गालावरून हात फिरवत्या झाल्या. एखादं माणूस आपल्याला कधीच आवडत नव्हतं, हे लोक त्याच्या सुधारण्याचं कौतुक करून सांगतात. हेमांगीला ते कळत होतं आणि ती हसत होती.

निवास तेवढा कौतुकात नव्हता. "पूर्वी तू मधेच काहीतरी सांगायचीस," तो एकदा म्हणाला. "आता सांगत न्हाईस."

खरं होतं. खिडकीवरच्या बुलबुलाची जोडी तिनं पडदा लावून बंद केली होती. गुणगुणणं सुटलं होतं. शेजारून मसाला भाजल्याचा वास आला की पूर्वी ती वाटी घेऊन धावायची, आता खिडकी लावायची. 'नको आत्ता'चं हळूहळू 'शी' होत चाललं होतं आणि ते आत्तापुरतं राहत नव्हतं.

इथं त्या हुशार मंडळींचं गणित चुकलं होतं. किळस वाद घालत नाही, हे त्यांनी सांगितलं. किळस विसरत नाही, हे सांगितलं नाही. एकदा भेळ बाधली की माणूस वर्षानुवर्षं भेळेच्या गाडीवरून नाक दाबून जातो. भेळेचा दोष असो वा नसो, मेंदू तेवढी चौकशी करत बसत नाही. ज्याच्या संगतीत किळस आली, त्यालाच ती कायमची चिकटते. यंत्र रोज थोडी थोडी किळस सोडत होतं, आणि ती कशाला चिकटणार? जे मध्ये येईल त्याला.

आणि मध्ये कोण येणार? जगात आपल्या कामाच्या मध्ये येतात ती आपलीच माणसं. परकं माणूस दारावर टकटक करून निघून जातं. निवास यायचा. आठवण करून द्यायचं आता उरलं नव्हतं, तरी पायांना सवय होती. "काय हवंय काय?" "जरा डोळे मिटून बस की." "चहा ठेवलाय." तो आला की तिचं लक्ष कामावरून सुटायचं, कारण तिला तो आवडायचा. लक्ष सुटलं की शिडकावा. चांगुलपणानं मारलेल्या प्रत्येक फेरीला ते यंत्र त्याच्या अंगावर एक थेंब घाण टाकत होतं, आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

त्या पोह्यांच्या सकाळनंतर मात्र दिवस भराभर नासत गेले. आधी भुरका, मग त्याच्या चपलांचा आवाज, मग दोरीवरचा त्याचा टॉवेल. त्याचा हात खांद्यावर पडला की तिच्या मानेवर काटा उभा राहायचा, आणि पूर्वी येत असे तसला काटा नव्हे. सुट्टीच्या दिवशी यंत्र काढून ठेवलं तरी काही फरक पडेना. घोरण्याचं निमित्त करून ती दुसऱ्या खोलीत झोपायला लागली.

"माझं काही चुकलं काय?" त्यानं विचारलं.

"छे रे. काहीतरीच काय."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण हे असलं खोटं आपल्याकडे खोट्यात धरत नाहीत. निवासनं आपल्या परीनं शोध लावला. गोठ्याचा वास येत असणार, असं त्याला वाटलं. तो दोनदा आंघोळ करायला लागला. चंदनाचा साबण आणला. कधी न लावलेलं अत्तर मनगटाला चोळून बघितलं. दारात उभं राहून म्हशींच्या गोष्टी सांगणं बंद झालं. आणि एका सकाळी हेमांगीनं खिडकीतून पाहिलं, तर तो बाहेर मोटारसायकलला टेकून चहा पीत होता. कपानं. आवाज न करता, शाळेतल्या पोरासारखा ओठ आवळून. तिला रडू फुटलं. आणि रडता रडता त्या आवळलेल्या ओठांची किळसही आली. मग स्वतःची जी किळस आली, तिला यंत्र लागलं नाही.

तिनं पुणं गाठलं.

डॉक्टर ओसवालांनी सगळं ऐकून घेतलं. पडद्यावर बोट फिरवलं. "तुमची मात्रा सगळ्यांत वरची आहे," त्या म्हणाल्या. "दुष्परिणाम त्यामुळे असू शकतो. पण मापनच तसं आलं होतं ना. तुम्ही एकाही नमुन्याला वाईट म्हटलं नाहीत. नासक्या अंड्याला तुम्ही 'बरंय की' म्हणालात, हेमांगीताई."

"तुम्ही माझ्या जिभेवर घातलं होतं ते."

"हो, मग?"

"तोंडात पडलेल्याला नावं ठेवायची नसतात," हेमांगी म्हणाली. सांगता सांगताच तिच्या लक्षात येत होतं आणि आवाज बारीक होत होता. "पानात पडेल ते मुकाट्यानं खायचं. आमच्याकडे नुसतं तोंड वाकडं केलं तरी ताटावरून उठवायचे. आणि समोर तुम्ही. एवढं हौसेनं देताय. तुमच्या तोंडावर शी म्हणायचं?"

डॉक्टर ओसवालांचं हसू थोडा वेळ जाग्यावर नव्हतं. "ही चाचणी बाहेरच्या देशात तयार झाली," त्या म्हणाल्या. "तिथं लोक लगेच सांगतात. आपल्याकडे बऱ्याच जणांचं मापन असंच वर आलंय. आम्हाला वाटलं, इथल्या लोकांचा इन्सुला जन्मतःच मंद असावा. आमचा त्यावर एक शोधनिबंधसुद्धा आलाय."

"मग आता तो मागं घ्या. आणि लोकांना कळवा."

"वरिष्ठांशी बोलावं लागेल. लगेच काही तसं..." त्या थांबल्या आणि पेढ्याचा आवाज परत आला. "तुमच्यापुरतं बोलू या ना. मात्रा आत्ताच कमी करते. फक्त, जे शिकलंय ते मेंदू पुसत नाही. बाधलेल्या अन्नासारखंच. त्या माणसाच्या सहवासात पुन्हा पुन्हा बसायचं आणि किळस येऊ द्यायची नाही, असं फार दिवस झालं तर कदाचित. पण किळस येऊ न देणं तुमच्या हातात नाही. त्यापेक्षा आपल्याकडे सोपा उपाय आहे." त्या पुढे वाकल्या. "मिस्टरांनाच काम म्हणून नोंदवू या."

हेमांगीला कळेना.

"म्हणजे यंत्र मिस्टरांवरच लक्ष ठेवायला लावेल. त्यांच्यावरून लक्ष सुटलं की शिडकावा बाकीच्या जगावर. थोड्याच दिवसांत तुम्हाला त्यांच्याशिवाय काही गोडच लागणार नाही. दोन-तीन जोडप्यांवर करून पाहिलंय. फार सुखी आहेत."

हेमांगीनं हो म्हटलं. त्यात तिला हसू नये. नवरा परत मिळत असेल तर कुणीही म्हणेल. तिनं फोनवरचा त्याचा एक जुना निरोप लावला. त्यात तो कढीलिंब विसरू नको म्हणत होता आणि मागं वासरू हंबरत होतं. यंत्रानं तेवढ्यात तिच्या मेंदूची ठेवण टिपली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट टेकवलं.

तिची नजर सहज भिंतीकडे गेली, आणि भिंत बुळबुळीत झाली. डॉक्टरांकडे गेली, तर त्यांच्या दातांवर शेवाळ असावं तसं वाटून तिनं तोंड फिरवलं. आपलं घरचं काम आठवलं, तर कानात कुणीतरी थुंकल्यासारखं झालं. आई आठवली. आईच्या हाताचा वाससुद्धा कुजका आला. सगळ्या घाणीत एकच जागा स्वच्छ होती, निवासचा आवाज. ती धडपडत त्या आवाजापाशी आली. 'हेमा, कढीलिंब विसरू नको गं.' केवढं हायसं वाटलं! डोळे भरून आले, छाती भरून आली. हुबेहूब प्रेमासारखं. क्षणभर तिला वाटलं, असंच राहू दे. आयुष्यभर असंच राहू दे.

आणि मग तिच्या आतल्या शहाण्या बाईला शिसारी आली, आणि ही मात्र अस्सल होती. हे प्रेम नव्हे. सगळं जग सडवून एक माणूस ताजा ठेवायचा, आणि त्याच्या गळ्याला पडायचं, कारण दुसरीकडे श्वास घेता येत नाही. निवासला हिनं कोणत्या तोंडानं सांगितलं असतं, की तू मला आवडतोस कारण बाकी सगळं ओकारी आणतं?

तिनं दोन्ही बटणं उपटली. दोनचार केसही आले. डॉक्टरांच्या टेबलावर वासाच्या पट्ट्यांचा ट्रे होता, त्यात ती टाकली.

"शी!" हेमांगी म्हणाली. समोरच्याच्या तोंडावर, जन्मात पहिल्यांदा. "घाण आहे हे. घाणेरडं आहे. आता लिहून घ्या हे माझं उत्तर."

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा निवास दारापुढच्या ओट्यावर बसला होता. तिला पाहून तो सवयीनं उठला, मग काहीतरी आठवून पुन्हा बसला, थोडा पलीकडे सरकून. ते सरकणं तिच्यानं बघवलं नाही.

"निवास, मला तुझी किळस येते," ती अंगणातूनच म्हणाली.

"साबणाचा काही उपयोग न्हाई म्हण की," तो म्हणाला.

मग तिनं सगळं सांगितलं. दाराआडून ऐकलेल्या फोनपासून ते उपटलेल्या बटणांपर्यंत. मध्ये दोनदा विषय सुटला, एकदा बसमधल्या कुणा बाईच्या पिशवीवर गेला आणि परत आला. त्यानं शांतपणे ऐकलं. गुरांच्या डॉक्टरला यातलं फार समजावावं लागलं नाही. एकदा बाधलेल्या चाऱ्याला जनावर पुन्हा तोंड लावत नाही, हे त्यानं रोज पाहिलेलं.

"आता माझं ऐक," तो म्हणाला. "मला न्हाई आला तुझा वीट? यंत्राबिंत्राशिवाय आला. शेणाचा वास मला चालतो. पुवाचा चालतो. करपल्या दुधाचा वास डोक्यात बसलाय माझ्या. 'हेमा, गॅस' म्हणताना दात आवळायला लागायचे. कधी कधी दारात उभा राहून वाटायचं, जळू दे एकदाचं, मी न्हाई सांगणार."

हेमांगी अंगणातल्या दगडावर बसली. "मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलणार? घरच्या माणसाला नावं ठेवायची?" त्यानं मान खाली घातली. "आणि खरं सांगू? आपोआप बंद होणारी शेगडी दुकानात किती वर्षं मिळतीया. मीच आणली न्हाई."

"का?"

"शेगडीच बंद व्हायला लागली, तर मी कशाला हवा तुला?"

मग हेमांगी म्हणाली की त्याच्या नखांखाली कायम काहीतरी काळं असतं. तो म्हणाला की ती ओला टॉवेल गादीवर टाकते, त्याला कुबट वास येतो. ती म्हणाली, तू आंघोळीत घसा खाकरतोस तेव्हा मला घर सोडून जावंसं वाटतं. तो म्हणाला, तुझ्या टेबलाखालच्या कपांत बुरशी येते, मी ते गुपचूप धुतो. अंधार पडेपर्यंत दोघं एकमेकांना नावं ठेवत बसले. अंगणातून आणि ओट्यावरून, मधलं अंतर राखून. इतकं खरं त्या घरात कधी बोललं गेलं नव्हतं.

शेगडी आली. हेमांगी विसरायची ती कामं वाटली गेली. काही घड्याळाकडे गेली, काही सकाळी फोन करणाऱ्या मैत्रिणीकडे, आणि काही चक्क सोडून दिली. कपडे घडी न करता टोपलीत राहू लागले आणि आभाळ कोसळलं नाही. 'वळण'वरच्या बाकीच्यांना सावध करायला तिनं आपल्या ओळखीतल्या सगळ्यांना कळवलं. कंपनीनं काही कळवलं नाही. जाऊबाई हळहळल्या, किती छान सुधारली होती म्हणून. प्रशिक्षणाचं बोलावणं तिसऱ्यांदा आलं, तेव्हा निवासनं हो म्हटलं. येत्या रविवारी निघायचं होतं.

किळस मात्र जाईना. रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायची. तिला सोसवेल तेवढ्या अंतरावर तो बसायचा, ती श्वास कोंडून मोजकं बोलायची, आणि घशाशी यायला लागलं की उठून आत जायची. "राहू दे आज," तो म्हणायचा. तिला भीती एकच होती. हा असाच गेला तर सहा महिने दूर राहून ही किळस मुरेल, आणि तो परत येईल तेव्हा दारातला माणूस तिला कायमचा परका झालेला असेल. ती जोर लावायची. जेवढा जोर लावावा तेवढं सगळं लक्ष त्याच्या श्वासावर, त्याच्या मिशीवर, त्याच्या गिळण्यावर.

शनिवारी ती शेवटचा प्रयत्न म्हणून त्याच्या अगदी शेजारी बसली. नखं तळहातात रुतवून. त्याच्या शर्टाचा वास आला. आता उठावं लागणार, हरलोच आपण, असं वाटत असतानाच तिला समोर काहीतरी हललेलं दिसलं.

रस्त्यापलीकडे एक रिक्षा उभी होती आणि रिक्षावाला कुठंतरी गेला होता. त्याच्या जागेवर एक बकरी चढली होती. पुढचे दोन पाय हँडलवर ठेवून, मान लांब करून, ती समोर टांगलेला लिंबू-मिरचीचा हार खात होती. निवांत, बाकी जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखी.

"अरे बघ, बघ!" हेमांगीनं निवासचा दंड घट्ट पकडला. "नजर लागू नये म्हणून बांधलेलं, आणि हिनं तेच खाल्लं! आता दृष्ट कुणाला लागणार, रिक्षाला की बकरीला? तिला तिखट लागत असेल का रे?"

"लागतं थोडं," निवास म्हणाला. तो हलला नाही. त्याला हलायची हिंमत नव्हती. "पण बकरीची जात. आधी खाते, मग विचार करते."

"आणि किळस? त्यांना येते का? लिंबू चावल्यावर तोंड बघ कसं केलंय! आमच्या शाळेतल्या शिंदेबाई अगदी असंच तोंड करायच्या, एकदा काय झालं माहितीये, थांब, ते नंतर, आधी बघ, हँडल वळलं, आता चालवायलाच घेतीये ती..."

रिक्षावाला शिव्या देत धावत आला. बकरी उडी मारून गेली. हेमांगी हसता हसता निवासच्या खांद्यावर डोकं टेकून शिंदेबाईंची गोष्ट सांगत होती, मग तिच्यातून दुसरी, मग तिसरी. आणि किळस करायची तिला आठवणच राहिली नाही.